साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या परभणी-हिंगोलीकडं म्हातारं माणूस विसरायला लागलं की साठी बुद्धी नाठी, अन् पायाला सूज येऊन दम लागला की वय झालं, संपला विषय. पण दोन्हीमागं प्रोटीनचा घोळ असू शकतो हे कुणी सांगतच नाही. प्रोटीन ठरावीक घडीत दुमडलेलं असलं तरच काम करतं, वय वाढलं की चुकीची घडी पडलेलं प्रोटीन साफ करायची पेशींची ताकद कमी होते मग ते चिकटून चिकटून साचत जातं. अल्झायमर या विसरण्याच्या आजारात मेंदूत अमायलॉइड बीटा अन् टाऊ नावाची प्रोटीनं साचतात, डॉ. अल्झायमरनं हे गुंते १९०६ मध्येच दाखवले होते. हृदयात साचतं ते बहुतेकदा ट्रान्सथायरेटिन नावाचं, लिव्हरमध्ये बनणारं प्रोटीन, त्यानं हृदयाची भिंत जाड अन् कडक होते.

हृदयातल्या या आजाराची खूण कधीकधी काही वर्षं आधीच हातात दिसते, दोन्ही हातांना मुंग्या, रात्री बोटं बधिर, मनगटातली नस दबून होतं, कार्पल टनेल म्हणतात ते. आमच्या शेजारच्या आजोबांच्या हातून चहाचा कप सुटायचा, सगळे म्हणायचे औत हाकून हात गेले. मुंग्या शुगरमुळंही येतात म्हणा, पण सोबत दम अन् सूज असली तर डॉक्टरला दोन्ही गोष्टी एकदमच सांगा.

आमच्याकडच्या शिबिरात बीपी-शुगर तपासतात, चष्मे वाटतात, पुढाऱ्यांचे फोटोही निघतात, स्मरणशक्तीचे चार प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तुमच्या आरोग्य पानावर यावर एखाद्या हार्टच्या डॉक्टरचा लेख छापा.

– एक वाचक, परभणी