बसऱ्याच्या भिंतीवर आमच्या माणसांची नावे लिहा

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या पेटीत चांदीचे एक पदक आहे. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली आहे. नाव माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाचे. सातारा जिल्ह्यातला कोरडवाहू माणूस, महिना ११ रुपये पगारावर मराठा पलटणीत भरती झाला आणि पहिल्या महायुद्धात इराकात गेला. घरी आले ते हे पदक.

त्यांचा देह सापडला नाही. अशा सैनिकांसाठी इंग्रजांनी १९२९ मध्ये बसऱ्याजवळ स्मारक बांधले. ४० हजारांहून अधिक माणसांची ही आठवण. पण त्या भिंतींवर गोऱ्यांची नावे आहेत आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार आकडा आहे. पदकाच्या इवल्याशा कडेवर मावलेले नाव एवढ्या मोठ्या भिंतीवर मावले नाही. नावे हरवली म्हणावीत, तर तसेही नाही. ती नोंदवह्यांत आहेत, बऱ्याच ठिकाणी बापाच्या आणि गावाच्या नावासकट. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने हा भेदभाव कबूल केला आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

ती नावे त्या भिंतीवर यावीत यासाठी आपण इराक सरकारशी आणि आयोगाशी बोलावे, ही माझी पहिली मागणी. पण तेवढ्यासाठीच मी हे पत्र लिहीत नाही.

आपली माणसे तिथे का गेली होती, हेही त्या भिंतीजवळ लिहिले गेले पाहिजे. इराक तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन त्याच्या दक्षिण टोकाला, फाओला उतरली, कारण पलीकडे इराणच्या हद्दीत आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. त्याच महिन्यात बसरा पडले आणि इंग्रजांची हाव वाढत बगदादपर्यंत गेली. बगदादजवळ सलमान पाक इथे तुर्कांचा मार खाऊन फौज कुत या गावी मागे आली आणि वेढ्यात सापडली. १४७ दिवस. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खायची पाळी आली. आपल्या लोकांना ते मांस तोंडात घालवेना, म्हणून हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे निरोप मागवावे लागले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. कैद्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेला नेले, कित्येकांना रेल्वेच्या कामावर जुंपले. किती तरी जण वाटेतच गेले.

इथपर्यंतची कथा आपल्याकडे थोडीफार सांगतात. पुढची सांगत नाहीत.

मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर इंग्रज सेनापती जनरल मॉडने जाहीरनामा काढला : आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनचे सायक्स आणि फ्रान्सचे पिको यांनी अरब मुलूख कागदावर वाटून घेतला होता. बसरा प्रांत हिंदुस्थानला जोडावा, असा विचार इथल्या इंग्रज सरकारातही चालू होता. एप्रिल १९२० मध्ये इटलीत सान रेमोला भरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या परिषदेत इराकचा 'मँडेट', म्हणजे कारभाराचा अधिकार, ब्रिटनला मिळाला आणि लोकांचा संयम सुटला. ३० जूनला दक्षिण इराकातल्या रुमैथा गावात शेख शाअलान अबू अल-जौन यांना कर्जाच्या कारणावरून कोठडीत टाकले. त्यांच्या टोळीने ती फोडून त्यांना सोडवले. शिया, सुन्नी, टोळीवाले, शहरी, असे लोक फार मोठ्या संख्येने एकत्र उठले. इराकी माणूस आजही याला 'विसाची क्रांती' म्हणतो आणि आपल्या राष्ट्राचा जन्म तिथून मोजतो.

महोदय, त्या रुमैथात इंग्रजांच्या बाजूने वेढ्यात अडकलेले शिपाई ११४ व्या मराठा पलटणीचे होते. उठाव मोडायला आणखी फौज हिंदुस्थानातूनच गेली. विमानांतून बाँब पडले, हजारो इराकी मेले. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे जालियनवाला बाग झाली होती. ज्यांच्या देशात गोळी चालली, त्यांच्याच हातांनी दुसऱ्याच्या देशात गोळी चालवून घेतली गेली. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण ते हात आमच्या गावाकडचे होते.

आपला आणि इराकचा संबंध फक्त बंदुकीचा नव्हता. १९३२ मध्ये दिनार येईपर्यंत तिथे आपला रुपया चालायचा. पुढे दिनार आला तरी चार फिल्सच्या नाण्याला लोक 'आना' म्हणत राहिले. बगदादच्या हातगाडीवर उकडलेले अंडे, तळलेले वांगे घालून पाव घ्या, वर पिवळे लोणचे ओततात. त्याचे नाव 'अंबा'. तो आपलाच आंबा, मुंबईच्या बगदादी यहुदी व्यापाऱ्यांच्या पेट्यांतून गेलेला.

मुळात हे स्मारक बसऱ्याच्या बंदराजवळ, माकिलला होते. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेले. परक्या फौजेचे स्मारक होते, पाडून टाकता आले असते. इराक्यांनी ते उचलून पुन्हा उभे केले. त्यांच्या या मोठ्या मनाची दखल आपल्या सरकारी भाषणांत घेतली गेली पाहिजे.

म्हणून दुसरी मागणी. नावे कोरताना ती अरबीतही कोरावीत, म्हणजे तिथल्या शाळेतल्या मुलाला वाचता येतील. शेजारी एक फलक असावा आणि त्यावर १९२० साली मेलेल्या इराक्यांचाही उल्लेख असावा. आपले राजदूत तिथे पुष्पचक्र वाहायला जातील तेव्हा एक चक्र रुमैथालाही जावे.

पदकाच्या कडेवरचा नंबर भिंगाखाली अजून स्वच्छ वाचता येतो. आपल्या कार्यालयाने कळवले तर त्याचा फोटो आणि पलटणीचा तपशील मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जि. सातारा