तुझ्या फोटोचं उत्तर

कोल्हापूर,
21 डिसेंबर 2025

प्रिय बंड्यास,
सप्रेम नमस्कार.

14 ऑक्टोबरच्या रात्री तू पोराचा फोटो पाठवलास, त्याला मी उत्तर दिलं नाही. नंतर दिवाळीचा तुझा फोन आला, तोही उचलला नाही. दुकानात गर्दी होती असं वहिनींना कळवलं ते खोटं होतं. मला राग आला होता आणि तो तुला सांगायची लाज वाटत होती, एवढंच.

काकी बऱ्या आहेत. गुडघ्याचं चालूच आहे, पण अंबाबाईला मंगळवारी चालत जातात. माझी शुगर आटोक्यात आहे. बाकी घरी सगळे ठीक.

फोटो आला तेव्हा मी गोव्यात, भारत-सिंगापूर मॅच संपल्यावर, फातोर्ड्याच्या स्टेडियमबाहेर गाडीत बसलो होतो. आपले चौघंजण पहाटे निघून आंबोलीतून उतरलो होतो. 14 व्या मिनिटाला आपल्या छांगतेनं गोल मारला, तेव्हा मी ओळखीचा ना पाळखीचा अशा एका गोवेकराला मिठी मारली. हाफटाइमला मिनिटभर उरलं असताना सिंगापूरच्या साँग उई-यंगनं बरोबरी केली, 58 व्या मिनिटाला दुसराही त्यानंच घातला. एक-दोन. आशियाई कपचं दार तिथंच बंद झालं. आपला बॅक झिंगन असता तर काय झालं असतं यावर सावंतवाडीपर्यंत भांडण चाललं. तो आधीच्या, तुमच्याकडं सिंगापुरात झालेल्या मॅचमध्ये रेड कार्ड खाऊन बसला होता. पण भांडण सुरू व्हायच्या आधी मोबाइल वाजला होता. तुझा पोरगा, अंगात सिंगापूरची लाल जर्सी, गालावर लाल रंग, दोन्ही हात वर. खाली तू लिहिलं होतंस, ‘काय करू, सांग.’

मला त्या क्षणी काय वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. वाटलं, हा आपला नाही आता. ज्या पोराचं बारसं पेठेत झालं, ज्याला पहिला बॉल मी मिरजकर तिकटीवरून आणून दिला, त्याच्याबद्दल असं वाटलं. आणि मग साँगची चौकशी केली तर तो जन्मानं कोरियन. तरुणपणी सिंगापुरात खेळायला आला, राहिला, नागरिक झाला. म्हणजे आपल्याला घरी बसवलं ते त्यांनी बाहेरून येऊन आपला करून घेतलेल्या माणसानं, आणि माझ्या घरचा पोरगा तिथं त्याच्या गोलावर नाचतोय. दोन महिने हेच डोक्यात घोळतंय.

काल तालमीत आपल्या फुटबॉल टीमची मीटिंग झाली. पत्र त्यासाठी लिहितोय.

इलेक्शन लागली आहे, तुला काकींनी सांगितलंच असेल. पाच वर्षं महापालिकेवर प्रशासक, आता 15 जानेवारीला मतदान. यंदा चार-चार जणांचे प्रभाग, त्यामुळे इच्छुकही चौपट. त्यातल्या एकानं तालमीला निरोप पाठवला. सीझनभराचा खर्च तो बघणार, किट त्याचं, परदेशी दोन फॉरवर्ड त्याच्या पैशानं येणार. बदल्यात चौकात फ्लेक्स, जर्सीवर त्याचं नाव आणि मतदानाच्या आठवड्यात पोरं त्याच्या फेरीत. मोठ्यांनी हिशेब मांडला. मागच्या सीझनला सेमीफायनलच्या पुढं गेलो नाही, पेठेत तोंड दाखवायला जागा नाही वगैरे. मग विषय निघाला की बाहेरचे आले तर बाकावर बसवायचं कुणाला. आपल्या गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, धाकट्याचं नाव पुढं आलं. एकोणीस वर्षांचं पोर आहे. सेंटर फॉरवर्ड. दोन्ही पायांनी मारतो आणि हेडरला असा उठतो की थोड्या वेळानंच खाली येतो. गोली तिथंच बसला होता, कोपऱ्यात, फोटोंच्या खाली. त्यानं मान खाली घातली. ‘कुणाची हरकत?’ असं विचारलं आणि मी हात वर केला नाही.

बंड्या, ती खोली तीच. ते बाकडं तेच. तुझ्या वेळी मी दाराजवळ उभा होतो, काल खुर्चीवर होतो, एवढाच फरक.

त्या फायनलच्या सकाळी तुला बसवून बाहेरचा राईट आऊट खेळवला, तेव्हा मी गप्प राहिलो. आपण कप जिंकला, तू मिरवणुकीत आला नाहीस. नंतर गंगावेशीत दूध पिताना तू मला म्हणाला होतास, ‘तो माझ्यापेक्षा भारी होता, त्याचं मला काही नाही. तू बोलला नाहीस.’ मी तुझ्यावरच खेकसलो होतो की तालमीपेक्षा तू मोठा नाहीस. पुढं तू परदेशी गेलास, आणि मी चारचौघांत म्हणालो की हा पळाला. ते तुझ्या कानावर आलं होतं हे मला माहीत आहे. तू कधी काढलं नाहीस. मीही नाही.

आता हे पेठेपुरतं नाही, वर सगळीकडं हेच चाललंय बघ. मार्चमध्ये सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत भारताच्या टीमात बोलावलं. चाळीस वर्षांचा माणूस! शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोलही मारला, मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या, पण पोटात ढवळत होतं. एवढ्या मोठ्या देशाला त्याच्या मागं दुसरा नऊ नंबर, गोल मारणारा सेंटर फॉरवर्ड, का मिळत नाही? कारण साधं आहे. इंडियन सुपर लीगमधले क्लब सेंटर फॉरवर्ड बाहेरून आणतात. आपली पोरं विंगेला सरकतात नाहीतर बाकावर बसतात. रविवारी गोल मारायची सवय ज्याला नाही, तो देशासाठी अचानक कुठून मारणार? आणि आम्ही शाहू स्टेडियमवर तेच करतो. तटबंदी घालायला, मिडफिल्डला शिस्त लावायला बाहेरचा आणा, पोरं त्याच्याकडून शिकतील. पण गोल मारायची जागाही विकत दिली, तर पेठेच्या पोरानं करायचं काय? हे काल बोलायला हवं होतं. सगळं तोंडात होतं.

आणि राजकारण फक्त आपल्या चौकात आहे असंही नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये फिफानं आपल्या फुटबॉल फेडरेशनवर बंदी घातली, आठवतं? गोकुलम केरळ क्लबच्या पोरी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या आणि एकही मॅच न खेळता परत आल्या. खुर्च्यांची भांडणं वर, दंड खाली. आत्ताही लीग चालवायचा करार संपला म्हणून ती अडकली, डिसेंबर सरत आला तरी किक-ऑफ नाही. आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं 2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तेव्हा इथं प्रत्येक आईला वाटलं होतं की आपलाही जाईल. त्या आयांना आता काय सांगायचं?

तुला 18 नोव्हेंबरची तारीख लक्षात आहे का? त्या एका दिवसात आपण ढाक्यात बांगलादेशकडून एक-शून्य हरलो, बावीस वर्षांनी. त्यांच्याकडं इंग्लंडमध्ये जन्मलेला हमझा चौधरी खेळत होता. तुमच्या सिंगापूरनं हाँगकाँगला हाँगकाँगमध्ये हरवून आशियाई कप गाठला. आणि इकडं आमची सकाळ झाली तेव्हा तिकडं जमैकात कुरसावनं शून्य-शून्य बरोबरी करून वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. कुरसाव हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. दीड लाखाच्या आसपास वस्ती. आपलं एकट्या शहराचं कोल्हापूर 2011 लाच साडेपाच लाखांचं होतं! तिथली जवळजवळ सगळी टीम हॉलंडमध्ये जन्मलेली. ऑक्टोबरात केप व्हर्दे पोचला, ती तर दहा बेटं मिळून कोल्हापूर शहराएवढी. पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलेले लोक. त्यांचा एक बॅक आहे, पिको लोपेस. डब्लिनला जन्मलेला, आई आयरिश, बाप केप व्हर्देचा. कोचनं त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज पाठवला, त्याला वाटलं फालतू काहीतरी आहे, म्हणून सोडून दिला. नऊ महिन्यांनी कोचनं पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं भाषांतर करून वाचलं आणि हो म्हणाला.

मी हे वाचून बराच वेळ दुकानात तसाच बसलो. नऊ महिने उत्तर नाही, तरी त्या माणसानं पुन्हा विचारलं. आपल्याकडं भारतीय वंशाचा पोरगा असला तरी दुसरा पासपोर्ट असेल तर खेळता येत नाही. रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला तेव्हा कुठं त्याला भारताचं दार उघडलं. मी इतकी वर्षं म्हणत होतो की हेच बरोबर, देश म्हणजे काय धर्मशाळा आहे का. तू वाद घालायचास. पुलाव उबिनला तू मला नेलं होतंस त्या दिवशीही हाच वाद. चांगीच्या जेट्टीवर होडी बारा माणसं भरल्याशिवाय हलत नव्हती, मी म्हणालो, ‘अरे, हे तर आपलं वडाप!’ आणि वहिनी पोट धरून हसल्या होत्या. मग सायकली घेऊन त्या दगडाच्या खाणींकडं गेलो, खाणीतलं पाणी हिरवंगार, आणि पोरगा पुढं पुढं पळत होता. तू म्हणालास, ‘इथं मला कुणी विचारत नाही मी मूळचा कुठला. काम विचारतात. पेठेत मात्र मी आलो की विचारतात, परत कधी जाणार?’ मी तेव्हा विषय बदलला आणि नारळपाणी मागवलं. आज लिहितो, तो प्रश्न पहिल्यांदा विचारणारा मीच होतो.

आबा 1962 च्या एशियाडची गोष्ट सांगायचे ती तुझ्या तोंडपाठ आहे. जकार्ता, तेही बेटावरच. इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही म्हणून आपले क्रीडा पदाधिकारी सोंधी बोलले आणि सगळं स्टेडियम आपल्या पोरांवर उलटलं. 4 सप्टेंबरची फायनल, समोर दक्षिण कोरिया, ज्यांच्याकडून आधी दोन-शून्य मार खाल्ला होता. जर्नेलसिंग हा बॅक. थायलंडच्या मॅचला डोकं फुटलेलं, टाके पडलेले. कोच रहीमसाहेबांनी त्याला पुढं फॉरवर्डला लावला. पीके बॅनर्जीनं एक मारला, जर्नेलनं दुसरा, दोन-एक, सोनं. आबा सांगताना आवाज चढवायचे. मला लहानपणी वाटायचं ही हिमतीची गोष्ट आहे. आता कोच म्हणून वाचतो तेव्हा दिसतं की रहीमसाहेबांना आपलं माणूस आतून-बाहेरून माहीत होतं. कुठल्या पायावर किती भार पेलेल, जखमी असताना कुठं उभा केला तर मॅच फिरेल. पुढच्या वर्षी ते कॅन्सरनं गेले. काल आमच्यापैकी एकानंही गोलीच्या पोराचं नाव घेताना तो कसा खेळतो ते सांगितलं नाही. कोण किती पैसे देणार तेवढंच बोलले.

मीटिंगनंतर मी घरी गेलो नाही. गांधी मैदानाकडून चालत निघालो तर ते पोर अंधारात एकटं भिंतीवर बॉल मारत होतं. त्याला बातमी लागली होती. ‘काका, मी दुसऱ्या पेठेत जाऊ का?’ असं विचारलं त्यानं. तक्रारीचा सूर नव्हता. मी पँट दुमडली, दोन दगड मांडले आणि गोलमध्ये उभा राहिलो. अर्धा तास तो मारत होता. एक शब्द बोलला नाही.

बुधवारी पुन्हा मीटिंग आहे, सह्या त्या दिवशी व्हायच्या आहेत. मी जाणार आहे आणि बोलणार आहे. बाहेरचा आणायचा तर एक आणू, मागच्या फळीत, तालमीच्या वर्गणीतून, आणि तो वर्षभर इथं राहून बारक्यांना शिकवणार असेल तर. इच्छुकाचा पैसा नको. नऊ नंबर गोलीच्या पोराकडं राहणार. हरलो तर हरलो. माझी खुर्ची गेली तरी चालेल. पण एकट्याचा आवाज पुरा पडेल असं वाटत नाही, म्हणून तुझ्याकडून एक हवंय. बुधवारच्या आत तालमीच्या नावानं चार ओळी पाठव. तुझ्या त्या फायनलबद्दल. तुला काय वाटलं होतं ते, माझ्या गप्प बसण्यासकट. मी उभा राहून वाचतो. म्हाताऱ्यांपैकी तिघं अजून आहेत, त्यांना तू विसरला नाहीस आणि तेही तुला विसरलेले नाहीत.

तुझ्या नव्या नोकरीचं काकी सांगत होत्या. पगार वाढला आणि प्रवास कमी झाला म्हणे, मस्तच. घराचे हप्ते संपत आले का? वहिनींच्या क्लासला नमस्कार सांग. नुसता त्यांनाच नको, क्लासलाही, इतकं कौतुक काकींनी केलंय. पोराच्या मिलिटरी सर्व्हिसचं काय ठरलं ते लिही, मला त्यातलं नीट कळत नाही आणि काळजी वाटते.

आणि त्याला सांग, फोटो काकानं बघितला. साँगचा दुसरा गोल चांगला होता, मी तिथं होतो, मला कबूल आहे. उद्या तो स्वतः त्या लाल जर्सीत मडगावला आला तरी मी आंबोली उतरून येईन. मे महिन्यात सुट्टीला त्याला इकडं पाठव, एकटा आला तरी चालेल, मी पुण्याला घ्यायला येतो. सकाळी सहाला प्रॅक्टिस असते. गोलीच्या पोराला राईटवरून बॉल टाकणारं कुणी नाही.

छातीचं आणि उंचीचं माप कळव. जर्सी आत्ताच शिवायला टाकतो. सात नंबर तुझ्यानंतर तीन-चार पोरांनी घातला, सध्या कुणाकडं नाही.

तुझा,
पप्या