धूर निघतो तेच गाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या मोटारप्रवासाचा लेख वाचला. कोलोरॅडोचे डोंगर लेखकाने फार छान रंगवले आहेत. वाटेतलं अख्खं कॅन्सस राज्य मात्र त्यांनी दोन ओळींत उरकलं: नुसती गव्हाची शेतं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांच्या घरांना हे लोक ‘वारसा’ म्हणतात याचं हसू येतं. मलाही आलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्याच हमरस्त्यावरून तासभर वाट वाकडी करून आम्ही ग्रॅहम काउंटीत गेलो, म्हणून हे पत्र.

काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. २०२० च्या जनगणनेत या अख्ख्या काउंटीत अडीच हजार माणसंही नव्हती. आमच्या सातारा जिल्ह्यातलं एखादं बरं गाव याहून भरेल. मुख्य ठिकाण हिल सिटी. तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला निकोडेमस. तिथली वस्ती वीसच्या आत. पाच जुन्या इमारती, बाकी गवत आणि वारा.

हे गाव १८७७ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलं. सहा कृष्णवर्णीय आणि डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीनविक्या, अशा सात जणांनी कंपनी काढली आणि केंटकीत पत्रकं वाटली: पश्चिमेला या, सरकारी जमीन आहे, स्वतःचं गाव करू. (काउंटीच्या मुख्य ठिकाणाला नाव पडलं ते याच हिलसाहेबांचं. गाव वसवणारे सहा एकीकडे, नकाशावर सातवा!) त्या सप्टेंबरात तीनशेच्या वर माणसं रेल्वेने एलिस स्टेशनापर्यंत आली आणि तिथून दोन दिवस चालत गावाला निघाली.

पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण नोंदलेली आहे. बरोबरचे पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! बाईंना काहीच दिसेना. घरं कुठं आहेत, म्हणून विचारलं तर त्यांनी जमिनीतून वर येणारे धुराचे लोट दाखवले. माणसं जमीन खणून आत राहत होती. बाईंना रडू कोसळलं. लाकूड नाही, अवजारं नाहीत, बैलजोडी एखाद्याकडेच. कित्येक कुटुंबं आल्या पावली माघारी गेली. उरलेल्यांनी पहिला हिवाळा काढला तो शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी दिलेल्या मांसावर. ज्यांना मुलखातून हुसकावून लावलं त्यांनीच नव्या उपऱ्यांना घास दिला, हे तिथल्या फलकापुढे उभं राहून वाचताना मला पुढचं वाचवेना.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी दाखवलेल्या परोपकारबुद्धीबद्दल. शाळेत हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. पुढे काय झालं ते मात्र मलाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांत तो सदाचार थकला. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या मुक्त गुलामांच्या पाठीशी असलेलं सरकारी लष्कर मागे घेतलं गेलं, आणि त्याच वर्षी निकोडेमस वसलं. आपलं आपणच बघायला हवं, हे ज्यांना उमगलं त्यांचं हे गाव.

आणि त्यांनी बघितलंही. १८७९ मध्ये शाळा सुरू केली, ती काउंटीतली पहिली. दगडी चर्च बांधलं, हॉटेल काढलं. गावातला एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. राज्यपातळीवरच्या पदावर निवडून येणारा कॅन्ससमधला तो पहिला कृष्णवर्णीय. आणि संपादक महोदय, तुमच्या धंद्याची गोष्ट म्हणजे या मूठभर गावात १८८७ साली दोन वर्तमानपत्रं निघत होती, ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि ‘निकोडेमस एंटरप्राइज’.

घात केला रेल्वेने. रूळ गावातून जावेत म्हणून लोकांनी सोळा हजार डॉलरचे कर्जरोखे मतदानाने मंजूर केले होते. पण ती रेल्वे आलीच नाही. १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीने सॉलोमन नदीपलीकडून, काही मैलांवरून रूळ टाकले. तिथे बोग नावाचं गाव उभं राहिलं आणि निकोडेमसचे दुकानदार चंबूगबाळं आवरून तिकडे गेले. स्टेशनामुळे वाढलेली आणि स्टेशन हुकल्याने बसलेली गावं आपणही पाहिली आहेत. इथे शेतकरी तेवढे चिकटून राहिले. १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी त्यांनाही पांगवलं.

आता त्या हसू आणणाऱ्या इमारती. १८८५ चं मेथडिस्ट चर्च, १९०७ चं बाप्टिस्ट चर्च, जुनं सेंट फ्रान्सिस हॉटेल, १९१८ ची शाळा, आणि मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून १९३९ मध्ये बांधलेला चुनखडीचा टाउनशिप हॉल. आपल्या राष्ट्रीय रोजगार हमीवाल्या नाल्या-बांधांची आठवण यावी असा तो ठोकळा आहे. शिल्प म्हणून बघायला गेलात तर पाच मिनिटांत बाहेर याल. १९९६ पासून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. मिसिसिपीच्या पश्चिमेला, गुलामगिरी संपल्यानंतर कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांपैकी आजवर टिकलेलं सर्वांत जुनं गाव ते हेच.

लेखकमहाशयांना वय मोजून वारसा ठरवायचा असेल तर त्यांनी खुशाल ठरवावा. पण ‘कॅन्ससमध्ये बघण्यासारखं काही नाही’ हे विधान पुरवणीत तसंच राहू नये, एवढीच विनंती.

आज वाचकांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत म्हणून सांगतो. डेन्व्हरहून कॅन्सस सिटीकडे जाताना वाकीनी इथे हमरस्ता सोडून उत्तरेला हिल सिटी गाठावी, मग चोवीस नंबरच्या रस्त्याने पूर्वेला. शक्य असेल तर जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार धरावा. त्या दिवसांत देशभर पांगलेले वंशज मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी गावी येतात, आपल्याकडे जत्रेला येतात तसे. एरवी जाणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवावा. आम्ही गेलो त्या दिवशी चहासुद्धा मिळाला नव्हता.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
कोरेगाव, जि. सातारा