बीटल्स परभणीलाही पोचले होते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या रेकॉर्डच्या शौकावरचा लेख आवडला. एक गोष्ट मात्र खटकली. बीटल्ससारख्या विलायती बँडचं वेड त्या काळी मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटवाल्यांपुरतंच होतं, असा त्याचा एकूण सूर आहे. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आणि अनुशेष, गाणं-बिणं कुठलं, असं लेखकानं धरूनच चाललेलं दिसतं.

आमची वाट मुंबईकडून येतच नव्हती, ती हैदराबादकडून यायची. 1956 पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो आणि नंतरही सोयरिकी, नोकऱ्या, दवाखाने तिकडेच. माझे मामा सिकंदराबादला रेल्वेत होते. लालागुड्याच्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघाली की घरातलं सामान विकून टाकायची. अशाच एका घरातून मामांनी एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर आणि ट्रंकभर रेकॉर्ड घेतल्या. क्वार्टरमध्ये जागा नाही म्हणून मीटरगेजच्या गाडीनं ते सगळं परभणीला आमच्या माळवदाच्या घरात आलं.

आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे मला लेबलवरचं नावसुद्धा वाचता यायचं नाही. हिरवं सफरचंद (बीटल्सच्या 'ॲपल' कंपनीचं चिन्ह) दिसलं की बीटल्सचे ते चौघं, एवढीच ओळख. सुई उडू नये म्हणून दांडीवर चार आण्याचं नाणं चिकटवलेलं असायचं. लाइट गेली तरी प्लेअर सेलवर चालायचा. सेल उतरत आले की चौघंही रेड्यासारखे हंबरायला लागत.

आजोबा भजनात पखवाज वाजवायचे. आमचं हे ऐकणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसती वरडावरड. एकदा सफरचंद नसलेल्या एका छोट्या रेकॉर्डची मागची बाजू लागली आणि आजोबा ओसरीवरून उठून आत आले. "आरं, पेटी हाय की ही! अन् खाली पखवाज. कोण वाजवायलंय?" मामांनाही सांगता आलं नाही. आजोबांनी ती बाजू पुन्हा लावायला सांगितली आणि मांडीवर ठेका धरून बसले.

ते गाणं 'द इनर लाइट'. त्या चौघांतल्या जॉर्ज हॅरिसननं जानेवारी 1968 मध्ये त्याचं वादन मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्याच वादकांकडून करून घेतलं होतं. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. गायन नंतर लंडनला चढवलं आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघालं. हे सगळं मला कळलं तोवर आजोबा नव्हते. आमच्या घरातल्या रेकॉर्ड छापलेल्याही कलकत्त्याजवळ दमदमला. एवढं सगळं आपल्याकडचं असताना विलायती म्हणायचं तरी किती?

आमच्या लेखी ते चौघं एकत्रच गात होते. डिसेंबर 1980 मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्यातल्या जॉन लेननचा खून झाला, तेव्हा मामांकडून कळलं की बँड 1970 मध्येच फुटलाय. म्हणजे मी ऐकायला लागलो तेव्हा सगळं संपून गेलेलं होतं! त्यानं काही फरक पडला नाही. त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम म्हणून जाणकार 'सार्जंट पेपर'चं नाव घेतात, मी मात्र 1965 च्या 'रबर सोल'वर अडून आहे. त्यात सतार आहे, पण मिरवायला आणल्यासारखी नाही.

जालना, नांदेड, लातूर, गुलमंडीच्या वाड्यांमध्ये माळ्यावर अशा ट्रंका निघतील. वाडे पाडून अपार्टमेंट होताहेत आणि रेकॉर्ड भंगारात किलोवर जाताहेत. आपल्या वर्तमानपत्रानं वाचकांना एकदा विचारावं की कुणाकडे काय आहे. नुसती यादी छापली तरी पुरे. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या एकावर एक रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, आणि मे महिन्यात पत्र्याखाली तर अजिबात नकोत. आमच्या निम्म्या अशाच वाकल्या.

लेखकांना पुढचा भाग लिहायचा असेल तर त्यांनी परभणीला जरूर यावं. फिएस्टा अजून चालतो. येताना सेल तेवढे आणावेत.

आपला,
एक जुना वाचक, परभणी