हद्दीबाहेरची माणसं : नगरविकासमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. नगरविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बेघरांसाठी मुंबई महानगर प्रदेशाची एकत्रित समन्वय समिती नेमण्याबाबत.

महोदय,

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास स्टेशनच्या तिकीटघराबाहेर आम्हाला एक बाबा भेटले. साठीच्या पुढचे. डाव्या पायाला प्लास्टर आणि ते भिजू नये म्हणून त्यावर दुधाच्या पिशव्या कापून सुतळीने बांधलेल्या. दवाखान्याचे कागद शर्टाच्या आत, छातीशी धरलेले. तीन दिवसांपूर्वी त्यांना रुग्णालयातून सोडलं होतं. कागदावर लिहिलं होतं, सहा आठवडे घरी विश्रांती.

आम्ही दोघे कार्यकर्ते होतो. जवळच्या निवाऱ्यात फोन लावला, तर पुरुषांच्या सगळ्या खाटा भरलेल्या. चार स्टेशनं पुढे, शेजारच्या महापालिकेच्या निवाऱ्यात, सहा खाटा रिकाम्या होत्या. तिथला काळजीवाहक म्हणाला, "दादा, माणूस आमच्या हद्दीतला नाही. पोलीस स्टेशनचं पत्र आणा, नाहीतर सकाळी साहेबांना मी काय सांगू?" पत्र हातात पडायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. तोवर बाबांना तिथून उठवलं होतं. ते कुठे गेले, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या काळजीवाहकाला मी दोष देत नाही. त्याचं रजिस्टर एका महापालिकेचं, पगार एका महापालिकेचा, जाब विचारणारा साहेबही तिचाच. दोष रचनेत आहे आणि ती बदलणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल. आपल्यासाठी ही नऊ शहरं असतील. फूटपाथवर राहणाऱ्यासाठी तो लोकलचा एकच रस्ता आहे. सकाळी जिथे काम लागेल त्या नाक्यावर तो उभा राहतो. औषधाला दुसऱ्या शहरात जातो. रात्री जिथून कोणी हुसकावणार नाही तिथे पाठ टेकतो. एका शहरात साफसफाईची मोहीम निघाली, पालिकेची गाडी आली, पथारी उचलली, की तीच माणसं आठवड्याभरात पुढच्या शहराच्या पुलाखाली दिसतात. पहिल्या शहराच्या अहवालात बेघर कमी होतात, दुसऱ्याच्या अहवालात वाढतात. माणूस मात्र तोच असतो, फक्त त्याची ताडपत्री आणि भांडी गेलेली असतात. बहुतेक वेळा आधार कार्डसुद्धा.

समित्या मुळीच नाहीत असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ मध्ये राज्य पातळीवर निवारा संनियंत्रण समिती नेमली गेली. शहराच्या पातळीवर कार्यकारी समिती आणि प्रत्येक निवाऱ्याची व्यवस्थापन समिती असावी, असं केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. पण राज्य आणि शहर यांच्या मधे कोणी नाही. ठाण्यातली रिकामी खाट मुंबईला कळवायचं काम आज कोणाचंच नाही. राज्य समिती धोरण बघते. रात्री साडेअकराला एका शहरातून दुसऱ्या शहरात माणूस पोचवणं तिच्याकडून होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही.

हा दुवा कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उभा राहू शकतो. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड हे सगळे जिल्हे त्यांच्याच विभागात येतात, त्यामुळे नवं कार्यालय काढायची गरज नाही. नऊ महापालिकांचे उपायुक्त हवेत, आणि प्रतिनिधी पाठवून भागवणारे नकोत. रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस या दोन्ही यंत्रणा हव्यात, कारण स्टेशनचा आवार हा या प्रदेशातला सगळ्यात मोठा निवारा आहे आणि तो कोणाच्याच योजनेत नाही. मोठ्या रुग्णालयांचे समाजसेवा अधीक्षक हवेत. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फूटपाथवर दूरदूरहून आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक झोपतात. गावी घर असूनही उपचार संपेपर्यंत ती माणसं बेघरच असतात. ज्या बाबांबद्दल वर लिहिलं, त्यांच्या बाबतीत डिस्चार्जच्या आदल्या दिवशी एक फोन झाला असता तरी पुरलं असतं.

आणि जे स्वतः फूटपाथवर राहिले किंवा आजही राहतात, ते समितीत हवेत, निमंत्रित म्हणून नव्हे तर सदस्य म्हणून. निवाऱ्यात जागा असूनही कुटुंबं येत नाहीत, हे वर्षानुवर्षं अहवालात 'प्रतिसाद कमी' असं लिहिलं जातं. एकदा फूटपाथवरच्या पारधी वस्तीतल्या बाईंना विचारा. त्या सांगतील, नवरा एका निवाऱ्यात, मी मुलींबरोबर दुसऱ्यात, पंधरा वर्षांचा मुलगा तिसऱ्यात, आणि चूल कुठेच नाही. ज्या समाजाला ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यातली आई वयात आलेल्या मुलाला रात्री नजरेआड होऊ देत नाही. कौटुंबिक निवारे का हवेत, हे तिच्याकडून पाच मिनिटांत समजतं.

आता आकड्यांबद्दल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या आसपास बेघर नोंदले गेले, त्यात एकट्या मुंबईत ५७ हजारांहून जास्त. रात्रीच्या फेऱ्या मारणारा कोणीही सांगेल की हा आकडा अपुरा आहे. दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा, असा योजनेचा निकष आहे. २०११ मध्ये मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवे होते. प्रत्यक्षात किती चालू आहेत, त्यातल्या किती खाटा आज रात्री रिकाम्या आहेत, हे आपल्या खात्याने नऊही शहरांसाठी रोज जाहीर करावं. टीबीच्या रुग्णाची 'निक्षय' या सरकारी पोर्टलवरची नोंद तो शहर बदलून गेला तरी त्याच्या मागे जाते. खाटेची नोंदही तशी करता येईल.

बेघर माणूस सापडत नाही, ही सबब तर ऐकूच नये. मतदार नोंदणीचा नमुना ६ बेघराने भरला, तर निवडणूक आयोग त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन तो खरंच तिथे झोपतो का, हे बघतो. नाव यादीत घेण्यासाठी सरकारी माणूस रात्री पुलाखाली जाऊ शकतो, तर त्याच माणसाला खाट देण्यासाठीही जाऊ शकतो.

हे सगळं आत्ताच का, तर दोन कारणं आहेत. निवाऱ्यांना पैसा देणाऱ्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. निवारे चालवणाऱ्या संस्था काळजीवाहकांचे पगार कसेबसे ओढत आहेत. राज्याने स्वतःच्या अर्थसंकल्पात यासाठी वेगळी तरतूद करायला हवी. दुसरं, फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेतली प्रत्यक्ष माणसांची मोजणी ठरली आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत झाली होती. नऊ शहरांची एक समिती असेल, माणसं कुठे झोपतात याचे नकाशे तयार असतील आणि प्रगणकाबरोबर तिथलीच ओळखीची व्यक्ती असेल, तर लोक पळणार नाहीत, पांघरूण बाजूला करून नाव सांगतील. त्या रात्री सुटलेला माणूस पुढची कित्येक वर्षं कोणत्याच तरतुदीत येत नाही.

हे जगात कुठे होत नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या दहा स्थानिक परिषदांनी २०१८ पासून उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी खाटांची एकत्र योजना चालवली आहे. आपल्याकडे तर या नऊही शहरांचं खातं एकच आहे, आपलं.

शेवटची एक विनंती. समितीच्या बैठका रात्री आठनंतर ठेवा आणि एखाद्या निवाऱ्यातच ठेवा. नाक्यावर बिगारी करणारा माणूस सदस्य झाला, तर दुपारच्या बैठकीसाठी त्याच्या रोजाचा खाडा पडतो, आणि असे दोन खाडे पडले की तिसऱ्या बैठकीला तो येत नाही.

आपला,
रात्रीच्या फेरीतला एक कार्यकर्ता