ठपका हायड्रोजनवर का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घाण्याच्या तेलाकडे कोल्हापूरकर पुन्हा वळले, याचा आनंदच आहे. पण त्याच ओघात ‘हायड्रोजन घातलेलं तेल म्हणजे विष’ असं सरसकट बोललं जातं. तेल शुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं काढलेल्या मला ते खटकतं.

आपल्या शिरोळ-हातकणंगल्याकडचं सोयाबीन घ्या. त्याच्या तेलात साधारण ७ टक्के लिनोलेनिक आम्ल, म्हणजे चरबीचा एक घटक, असतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध, म्हणजे कार्बनच्या दोन अणूंमधले असे जोड जिथे आणखी हायड्रोजन जोडता येतो. त्यामुळे एकच दुहेरी बंध असलेल्या ओलिक आम्लाच्या सुमारे २० पट वेगाने ते हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं. जुन्या सोयातेलाला येणारा माशासारखा वास मुख्यतः यातूनच. निकेलची बारीक भुकटी घालून तापवलेल्या तेलात हायड्रोजन सोडला, की आधी हे तीन बंधवालं आम्लच पकडलं जातं. ते ३ टक्क्यांच्या आसपास उतरलं की थांबायचं आणि निकेल गाळून घ्यायचं. तेल पातळच राहतं, पण टिकतं. (हेच आम्ल म्हणजे शरीराला लागणारं ओमेगा-३, हेही सांगायला हवं.)

खरी गोम पुढे आहे. तापमान चढलं आणि हायड्रोजन कमी पडला, की अर्धवट जोडलेला रेणू हायड्रोजन परत सोडतो आणि बंध उलट्या बाजूने जुळतो. हीच ट्रान्स चरबी. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगलं घटवते. वर सांगितलेल्या हलक्या प्रक्रियेतही ती थोडी होतेच, मी लपवणार नाही. वनस्पती तूप थिजवताना तर प्रक्रिया बरीच पुढे नेऊन अर्ध्यावर सोडत, म्हणून त्यात ती भरपूर असे. हायड्रोजन पूर्ण जोडला तर बंधच उरत नाही आणि ट्रान्स चरबीही नाही, फक्त तेल मेणासारखं कडक होतं. म्हणजे दोष अर्धवटपणाचा आहे.

१ जानेवारी २०२२ पासून देशात खाद्यतेल आणि चरबीत ट्रान्स चरबीची मर्यादा २ टक्के आहे. पण खारी, नानकटाई सुटी घेणाऱ्याला बेकरीच्या चरबीच्या डब्यात काय होतं ते कसं कळणार? दिवाळीआधी शहरातल्या सुट्या वनस्पती तुपाचे आणि बेकरीच्या चरबीचे नमुने तपासून आकडे वर्तमानपत्रात छापावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे. बेकरीवाल्यांनीही पुरवठादाराकडून तपासणी अहवाल मागून घ्यावा. तो वाचायचा कसा, हे मी कुणालाही विनामूल्य शिकवायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर