सुईआधी पाकीट बघा

संपादक महोदय,

गुडघे-कंबरदुखीवर ॲक्युपंक्चर (अंगात बारीक सुया टोचून करायचा उपचार) घेणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत गुण हवा असतो. तसे सहसा होत नाही. आठवड्याला एक-दोन अशा सहा-आठ बैठका धरा. तरीही फरक नसेल तर थांबावे, उगाच पैसे घालवू नयेत.

सुई साधारण ०.२५ मिलिमीटर जाड, वीसेक मिनिटे ठेवतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे, मग जड, बोथट ठणका. वीज चमकल्यासारखी कळ आली तर लगेच बोला. सुई मज्जातंतूला लागलेली असू शकते. उपाशीपोटी गेल्यास भोवळ येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल तर आधीच सांगा. सुयांचे सीलबंद पाकीट डोळ्यांदेखत फोडायला लावा, आणि उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.